नकाशात सोमादादाचं घर

आमच्या भूगोल विभागाचा गोल शिक्का माझ्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. नवीन लागलेली प्राध्यापक मंडळी हसतात. "सरलाताई, त्या शिक्क्याला काय सोन्याचा मुलामा आहे का?" हसू देत. साधं सहलीचं प्रमाणपत्र असलं तरी मी कागद दोनदा वाचते, मगच शिक्का मारते. खडूस म्हणतात मला, तेही कानावर येतं. का ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

१९८६ सालची गोष्ट. मी इथेच, भिवंडीत, टी. वाय. ला होते, भूगोल घेऊन. आमच्या घरात आजोबा कारकून, वडील कारकून, आणि पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी. त्यामुळे नाक जरा वरच असायचं. आमचे देवस्थळी सर दर डिसेंबरात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन दिवस सर्वेक्षणाला न्यायचे. एखादी लहानशी वस्ती निवडायची, लोखंडी साखळीने मोजायची आणि तिचा नकाशा काढायचा. त्या वर्षी वडप्याजवळचा एक पाडा निवडला होता. सकाळच्या पडघ्याच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. सात घरं, मागे भाताची खाचरं, एक विहीर. जमीन ठाण्याच्या एका मालकाची. पाड्यावरची माणसं तीन पिढ्या ती कसत होती, पण कागदावर त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं.

सोमा राघो शेवटच्या घरात राहायचा. चाळिशीचा, काटकुळा माणूस. बायको बकुळा आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी चंपा. बाकीचे लोक आमच्याकडे लांबूनच बघत होते, हा सरळ येऊन उभा राहिला. "काय मोजता हो?" सरांनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी त्याच्या हातात दिली आणि कुठे उभं राहायचं ते दाखवलं. झालं! तीन दिवस तो माणूस कामाला गेला नाही. आम्ही सांगू तिथे काठी रोवून उभा. आम्ही पोरं डबे खायला बसायचो, तरी हा आपला काठी धरून. "दादा, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायचा, "हलली तर माप चुकंल, बाय."

माप कसलं चुकतंय! तो आमचा अभ्यास होता. वीस मार्कांचा. पण त्याला हे कुणी नीट सांगितलंच नाही. आम्हाला वाटायचं त्याला कळलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी नकाशा पुरा झाला. घरांना फक्त आकडे द्यायचे, एक ते सात, असं सरांनी बजावलं होतं. सोमादादा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "ह्यात माझं घर कंचं?" मी बोट ठेवलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माझं नाव लिव ना तिथं."

मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढा राबला बिचारा. मी ट्रेसिंगच्या कागदावर त्याच्यासाठी एक प्रत काढली, सातव्या घरावर काळ्या शाईत लिहिलं, 'सोमा राघो यांचे घर'. सर पलीकडे विहिरीपाशी मुलांकडून सामान मोजून घेत होते. त्यांची पिशवी माझ्याजवळ, आणि पिशवीत हजेरीच्या प्रमाणपत्रांसाठी आणलेला विभागाचा गोल शिक्का. माझी मैत्रीण माधवी म्हणाली, "मार की शिक्का! दादा खूश होईल." मी मारला. जांभळा, ठसठशीत उठला. माधवी टाळ्या वाजवून म्हणाली, "घ्या दादा, सातबारा झाला तुमचा!"

पोरं हसली. सोमादादा हसला नाही. त्याने हात धोतराला पुसले आणि मग कागद घेतला.

"बाय, ह्यो शिक्का सरकारचा ना?"

"कॉलेज सरकारमान्य आहे," मी म्हटलं. म्हणजे खोटं बोलले नाही, बघा! एवढी मी शहाणी.

"मंग आता इथून मला कोन काढनार न्हाय?"

"कोण काढतंय तुम्हाला? नकाशात आलात तुम्ही!"

बकुळा दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. "वाचून दाखव, बाय, काय लिवलंय." मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येवढंच?"

तिकडे सर हाका मारत होते, एसटी चुकली असती. मी वह्या गोळा करत म्हटलं, "मावशी, एवढंच लागतं."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

आमच्या नकाशाला कॉलेजच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. मी एम. ए. केलं, आणि ८९ साली त्याच कॉलेजात मला नोकरी लागली. सोमादादाचं नावसुद्धा माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. ९१ च्या जानेवारीत मी माझी पहिली सहल काढली, आणि मोठी हौस बघा, मुलांना तोच जुना नकाशा देऊन त्याच पाड्यावर नेलं. चार वर्षांत वस्ती कशी बदलते, हा अभ्यासाचा विषय. मुलं बावीस, वह्या बावीस.

खाचरं गायब. लांबच लांब भिंत, तिच्यावर पत्र्याचं छप्पर, दारात ट्रक. वडप्याच्या बाजूला तेव्हा गोदामं उठायला लागलीच होती. भिंतीच्या कडेला नवी घरं ओळीने उभी होती. मुलांनी पटापट मोजली. "मॅडम, सहाच आहेत!"

सोमादादाच्या शेजारची हौसा भेटली. तिच्याकडून सगळं कळलं. ८९ साली मालकाने जमीन विकली. ज्याचा काही हक्क असेल त्याने पंधरा दिवसांत लेखी सांगावं, अशी नोटीस लागली. केसरीनाथ मास्तर म्हणून पडघ्याचे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी पाड्यावर येऊन एकेकाचा अर्ज लिहून दिला. सहा घरांनी अर्ज केले. खूप खेपा झाल्या, शेती काही मिळाली नाही, पण घरापुरती जागा तरी सहा जणांना सुटली.

"आणि सोमादादा?"

"त्यानं अर्जच केला न्हाय," हौसा म्हणाली. "बोलला, माझ्याकडं शिक्क्याचा कागद हाय. मीबी अर्ज केला तर माझा कागद खोटा हाय असं मीच लिवून दिल्यासारखं व्हईल. मास्तर समजावून थकला. बकुळा पाया पडली त्याच्या. न्हाय म्हंजे न्हाय! शिकलेल्या पोरीनं लिवून दिलंय, बोलला."

मुदत संपल्यावर तो कागद घेऊन कचेरीत गेला. तिथल्या माणसाने कागद उलटसुलट बघितला आणि सांगितलं, दादा, हा कॉलेजच्या पोरांचा अभ्यास आहे, घरी घेऊन जा. पुढच्या मार्गशीर्षात सोमादादाचं घर पाडलं. तिघं भिवंडीत कामतघरला गेली. तो कापडाच्या लूमवर लागला.

 नशीब कसं असतं बघा, हौसाकडे ठेवलेली भांडी न्यायला बकुळा नेमकी त्याच दिवशी आली होती. ती घरातून बाहेर आली, मला बघितलं आणि ओळखलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. मला तर वाटत होतं, हिने माझ्या झिंज्या उपटाव्यात. ती एवढंच म्हणाली, "बाय, तो कागद खरा व्हता का खोटा?"

बावीस मुलं वह्या उघडून उभी. मॅडम काय सांगतात ते लिहून घ्यायला! मी म्हटलं, "मावशी, मला... कचेरीत विचारावं लागेल. विचारून सांगते."

तिला कळलं. माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "मला ठाव हाय गं. मला नको सांगूस. त्याला येऊन सांग. तो माझं ऐकत न्हाय. येशील?"

"येते ना," मी म्हटलं. तिने चाळीचा पत्ता सांगितला. मी तो वहीत लिहूनही घेतला.

कामतघर माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. दहा! आणि मला जायला दोन वर्षं लागली. परीक्षा झाल्या की जाते, पेपर तपासून झाले की जाते, धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं की जाते. पायाला कुणी बेड्या घातल्या नव्हत्या. भित्री मेली मी! माझ्या तोंडाने माझीच चूक कबूल करायची, तीही चाळीत, चार माणसांत, हे मला जमत नव्हतं. एकदा तर कोपऱ्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत आले.

९३ च्या फेब्रुवारीत विभागाची रंगरंगोटी निघाली. कुणीतरी तो बक्षिसाचा नकाशा शोधून काढला. फ्रेम करून दारात लावू या म्हणाले, खाली 'सरला खांबेटे आणि गट' असं माझं नाव घालून. मी तशीच उठले, पर्स घेतली आणि रिक्षात बसले.

चाळीच्या भिंतीला लागूनच कारखाना. लूमची खडखड एवढी, की घरातसुद्धा माणसं ओरडूनच बोलत होती. दारात एक पोरगी चरख्यावर कांड्या भरत बसली होती, लूमच्या धोट्यात घालतात त्या सुताच्या. चंपा. चौदा-पंधराची झाली होती. सोमादादाची शिफ्ट नुकतीच सुटली होती, केसांत कापसाचे तुसे तसेच. मला बघून तो केवढा खूश झाला म्हणून सांगू! "अरे, नकाशावाली बाय! ये, ये. चंपे, च्या टाक."

मी विचारलं, "मावशी कुठे आहेत?"

"गेली. श्रावणात. खोकला बसला छातीत, मंग उठलीच न्हाय."

सहा महिने. फक्त सहा महिने आधी निघाले असते तर. मी खाली बसले नाही. बसले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता. उभ्यानेच सांगितलं, लूमच्या आवाजावर आवाज चढवून. दादा, तो कागद खोटा होता. त्याला काही अर्थ नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. तुम्ही खूश व्हाल म्हणून आणि एसटी चुकेल म्हणून मी बोलून गेले. मावशींनी मला विचारलं तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. तुमचं घर माझ्यामुळे गेलं.

मला वाटलं तो ओरडेल. हात उगारेल.  तो म्हणाला, "म्हंजे बकुळाची चूक न्हवती?"

"मावशींची कसली चूक?"

"मी तिला बोललो ना." त्याचा आवाज एवढा खाली गेला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "कागद चांगला व्हता, तूच पहिल्या दिसापासून पालीसारखी चुकचुकत व्हतीस. तुझ्या तोंडानं घर गेलं, बोललो. अवदसा बोललो तिला. कामतघरला आल्यापासून धड बोललो न्हाय तिच्याशी. ती आजारी व्हती तरी न्हाय."

चंपा चहाचं आधण ठेवून आतूनच बघत होती. सोमादादाने तिला हाक मारली. "चंपे, हिकडं ये. बाय, हिला सांग. मला सांगितलंस तेच सांग. हिच्या आयला मी काय काय बोललो, ते समदं हिनं ऐकलंय."

मी त्या पोरीकडे तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली, तीही ऐकत होती. "कागद खोटा होता. मी खोटं बोलले होते. तुझी आई बरोबर होती."

चंपाने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"आय रोज बोलायची, कालेजातली बाय येनार हाय," ती म्हणाली. "तिला उठवत न्हवतं, तर मला धाडायची बघायला. मी चाळीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा बघायची. मंग येऊन सांगायची, आज न्हाय आली."

एवढं बोलून ती आत गेली आणि तिने स्टोव्ह बंद केला. सोमादादा भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी किती वेळ तशीच उभी होते, आठवत नाही. मला कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही.