डबल बेल

मी बसची कंडक्टर. गाडी थांबवायची तर दोरी एकदा ओढायची, सोडायची तर दोनदा. याला आमच्याकडे डबल बेल म्हणतात. ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, डबल बेल ऐकल्याशिवाय चाक हलवत नाही. आणि वर्षानुवर्षं ती दोरी ओढणाऱ्या बाईला ड्रायव्हर व्हायची हुक्की आली, तेव्हा काय झालं? पहिल्याच परीक्षेत तिने रिकामी बस स्टॉपला झकास लावली आणि बेलची वाट बघत बसून राहिली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, शेजारी परीक्षक साहेब घड्याळ बघतायत, आणि मी ढिम्म. मागे दोरी ओढायला कोणीच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नापास. तेव्हापासून मी कँटीनमध्ये शिरले की कोणीतरी ताटावर चमचा दोनदा वाजवतं.

हसणाऱ्यांचं सोडा. मला मात्र स्टिअरिंगचीच धास्ती बसली.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," सासूबाई म्हणाल्या. अंथरुणाचं ठाऊक नाही, पण दिवसभर उभं राहून पाय सुजलेले होते खरे. नवऱ्याने तर उपायच आणला. "डेपोच्या ऑफिसात जागा सुटलीय. पंख्याखाली खुर्ची मिळेल. आ बैल मला मार कशाला?"

दोघांच्याही मनात वाईट नव्हतं. पण माझं भलं कशात आहे, हे मला न विचारताच ठरवून मंडळी मोकळी झाली होती. मला समोरची काच हवी होती. कंडक्टरला रस्ता दिसतो तो लोकांच्या खांद्यांमधून, तुकड्यातुकड्याने. मला तो अख्खा बघायचा होता आणि गाडी स्वतःच्या हाताने वळवायची होती. दुसऱ्यांदा नापास झालं की पुन्हा परीक्षेला बसू देत नाहीत. मग खुर्ची आणि पंखा, थेट निवृत्तीपर्यंत.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी मी वेळेआधीच डेपोत हजर झाले. तेच साहेब होते. या वेळी ते मागे कंडक्टरच्या सीटवर जाऊन बसले. "बेल मी देतो," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही मुक्काम कराल."

मी गाडी काढली. प्रत्येक सायकलवाला मुद्दाम माझ्याच चाकाखाली यायला घरून निघालाय, अशी खात्री पटत चालली होती. कशीबशी बाजाराच्या स्टॉपला पोहोचले, गाडी कडेला घेतली, दार उघडलं, थांबले.

डबल बेल वाजली. काय बरं वाटलं म्हणून सांगू. कोणीतरी निघ म्हणालं होतं. मी दाराच्या बटणावर बोट ठेवलं, आणि सवयीने नाही तर निव्वळ घाबरटपणाने आरशात पाहिलं.

दारात एक काठी दिसली. मग बूट. एक म्हातारे गृहस्थ आमच्या बसला नेहमीची बस समजून चढत होते. एक पाय पायरीवर, दुसरा अजून रस्त्यावर.

तोच पुन्हा डबल बेल. "बाई, ऐकू येत नाही का?" साहेबांचा आवाज चढला. त्यांची मान कागदात होती आणि मधल्या खांबामुळे त्यांना दार दिसत नव्हतं. मला सांगायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. आणि पाय? बेल ऐकून तो आपणहून ब्रेकवरून सुटायला लागला होता. साहेबांपेक्षा मला त्या पायाचीच भीती वाटली. मी दुसरा पाय त्याच्यावर ठेवला आणि दोन्हींनी ब्रेक दाबून धरला.

"ऐकली," मी म्हणाले. "पण मी निघणार नाही."

"नापास करीन."

"करा."

साहेब ताडताड पुढे आले आणि दारापाशी थबकले. "ही टपाल कचेरीवरून जाते ना?" आजोबांनी खालूनच विचारलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. दोनदा दोरी ओढणारा हात पुढे करून त्यांनी आजोबांना वर घेतलं, पुढच्या सीटवर बसवलं, आणि स्वतः त्यांच्या शेजारी मटकन बसले. मागे दोरीकडे गेले नाहीत.

मी दोन्ही पाय ब्रेकवरून काढले नाहीत.

"आता कसली वाट बघताय?" साहेबांनी हळूच विचारलं.

"आजोबांची काठी आत यायची."

आजोबांनी काठी आत ओढली. मी आरसा पाहिला, दार लावलं, पुन्हा आरसा पाहिला आणि गाडी सोडली.

"यापुढे तुमच्या गाडीवर येईल त्या कंडक्टरला सांगून ठेवतो," साहेब म्हणाले, "बेल देण्याआधी दार बघ म्हणून."

आजोबा मात्र कान टवकारून बसले होते. "बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमची घंटी बिघडलीय वाटतं. निघताना वाजलीच नाही."

"असू दे, आजोबा," मी म्हणाले. समोर काचेत रस्ता अख्खा दिसत होता.