धुतलेलं सोनं

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चकाचक' म्हणत, कारण कुठलाही नमुना ती इतरांपेक्षा जरा जास्तच धुवायची. आज मात्र धुतलेल्या कुपीनेच दगा दिला. सोन्याच्या मोजक्या अणूंचे पुंजके अतिनील दिव्याखाली केशरी चमकायला हवे होते. त्याऐवजी तळाशी काळपट गाळ बसला होता. शेजारची न धुतलेली कुपी खुशाल चमकत होती. ती शेवटचीच उरली होती, दुपारी मोजणीला जायची होती आणि तिथे अस्वच्छ नमुना घेत नसत.

"घास अजून! सोनं आहे की कढई?" टेबलापलीकडचा सहकारी म्हणाला.

"गप रे. मळकी टिकते आणि स्वच्छ मरते, हे कसं?"

शेवटच्या धुण्याचं पाणी तिने ठेवलं होतं. पुंजक्यांवर गंधक असलेल्या रेणूंचा थर असतो. ते रेणू ओळखणारं रसायन तिने पाण्यात टाकलं आणि पाणी पिवळं झालं.

"पाण्यात मोकळे फिरणारे जादाचे रेणू तर आधीच्या धुण्यांत गेले असणार," ती पुटपुटली. "म्हणजे हे अंगावरचे! थर सुटला आणि उघडे पुंजके एकमेकांना चिकटले."

"थंडीत पांघरूण ओढून घेतलंस बिचाऱ्यांचं."

उरलेली कुपी तिने बेताने धुतली. अजून एकदा धुवायला हात शिवशिवत होते, पण तिने ते आवरले. दिव्याखाली कुपी केशरी उजळली.

"किती रेणू गेले तर चालतं रे?"

"ते उद्या शोध. आधी ही मोजणीला दे!"

तिने कुपी दिली, पण एक थेंब मागे ठेवून घेतला.