तोमिएला उजी दाखवायची होती

शिगेमित्सुने मुलीला तोंड भरून वचन दिलं होतं. "दुपारी क्योतोच्या मंदिरात तुझ्या आईच्या अस्थी सोपवायच्या आहेत ना? त्याआधी तिला जवळच्या उजी गावाला नेतो. नदी दाखवतो." साबाए गावातला चष्म्याच्या फ्रेमांचा कारखाना आता सांभाळणाऱ्या चिहारुच्या डोळ्यांत ते ऐकून पाणी आलं होतं. लग्न झाल्यापासून आई उजीचं नाव काढायची आणि बाबा दर शरदात चष्मेवाल्यांच्या संघाबरोबर एकटेच फिरून यायचे.

"कशी आहे हो तिथली नदी?" त्याची बायको तोमिए विचारायची.

"नदीसारखी," हा म्हणायचा, आणि मळलेले मोजे तिच्या हातात द्यायचा.

सकाळच्या गाडीत तो पांढऱ्या रेशमी फडक्यात बांधलेली पेटी मांडीवर घेऊन बसला. अशी पेटी कशाची असते, हे तिकडे शेंबड्या पोरालाही कळतं. समोरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. शेजारच्या जोडप्याने उघडलेला जेवणाचा डबा मिटला, पेटीला मान लववली आणि हळूच दुसऱ्या डब्यात जागा शोधली. कुणी वावगं बोललं नाही, पण शिगेमित्सुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण सगळ्यांच्या सहलीवर विरजण घालतोय, असं त्याला वाटत राहिलं.

क्योतो स्टेशनात उतरला तो थेट लॉकरकडे गेला. वरचा कप्पा निवडला. पेटी खालच्यात कोंबणं त्यालाही बरं वाटेना. "आलोच तासाभरात," असं पुटपुटून त्याने दार लावलं. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याला कोण अडवणार!

आणि खरं सांगायचं तर त्याला मजा आली. उजीच्या गाडीत खिडकी मिळाली. चहाची पूड घातलेल्या हिरव्यागार नूडल्स त्याने दोन वाट्या हाणल्या, पूल ओलांडला आणि नदीकाठच्या बाकावर पाय पसरून बसला. शेजारी एक वयस्क बाई आइस्क्रीम खात होत्या.

"एकटेच आलात?" त्यांनी विचारलं.

"हो. आमच्या हिला प्रवासाची आवड नाही."

संघाच्या प्रत्येक सहलीत तो हेच सांगायचा. इतकं तोंडात बसलेलं वाक्य, आपसूक निघालं. त्याने जीभ चावली, पण तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पोचलात ना? पाण्याचा आवाज येतोय!" चिहारु होती. "आई कुठंय? मांडीवर?"

"हं."

"मग स्पीकर लावा आणि फोन तिच्याजवळ धरा."

काय करणार? त्याने स्पीकर लावला आणि फोन रिकाम्या मांडीवर धरला.

"आई, बघितलंस का गं? आणलं बाबांनी तुला शेवटी. मी उगाच त्यांच्या नावाने खडे फोडायचे. आता पोटभर बघून घे..." ती हुंदके द्यायला लागली.

शेजारच्या बाईंनी त्याच्या मांडीकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. आइस्क्रीम तसंच हातात धरून त्या उठून गेल्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं शिगेमित्सुला झालं.

"चिहारु, थांब. ती इथं नाहीये."

"म्हणजे?"

"स्टेशनवर आहे. लॉकरमध्ये. लोक बघत होते गं... तासाभराचाच प्रश्न होता."

फोनमधून कारखान्यातल्या मशीनची घरघर तेवढी येत राहिली. ती ओरडेल, तोंडाला येईल ते बोलेल, म्हणून तो वाट बघत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई असती तर म्हणाली असती, असू दे, दमले असतील ते," चिहारु शांतपणे म्हणाली. "मी नाही म्हणणार, बाबा."

तिने फोन ठेवला. समोर ऊन पडलेलं पाणी वाहत होतं. त्याच्याकडे बघायचीही शिगेमित्सुला लाज वाटली. मान खाली घालून तो उठला आणि स्टेशनकडे चालू लागला.