मागचं दार

"बाई, तो काळ्या बटणाचा हीटर कुठंय?"

शिंपीणबाईंनी ओठांत धरलेली टाचणी काढली. "कुठला?"

"पांढरा. इथंच होता, टेबलाच्या कोपऱ्यावर."

"मग गेला असेल. आज पहिली कडक थंडी, हीटर काय मागे राहतायत? आणि तुम्हीच तर सकाळी उचलून फळीवर ठेवलात. टेबल मोकळं करायचं म्हणून."

वायरमन टेबलाकडे बघत राहिला. त्याच्यासमोर डब्याच्या झाकणात नाण्याएवढी एक चकती पडली होती. हीटर फार तापला की ही चकती टक् करून वीज तोडते, निवला की पुन्हा जोडते. हीटरमध्ये माणसाच्या जिवाची काळजी घेणारं एवढंच काय ते असतं. काल त्याने ती काढून तिच्या दोन वायरी थेट एकमेकींना पिळल्या होत्या, नुसती कॉइल धड आहे की नाही ते बघायला. तेवढ्यात कोणीतरी कपाट घेऊन आलं, बाईंनी हाक मारली, तो कपाटाला हात लावायला गेला आणि परत आला तो सगळं विसरून. हल्ली असं व्हायचं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधण्याइतपतच असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. त्याने हे अजून कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःशीही धड कबूल केलं नव्हतं.

"बाई, तो बंदच होणार नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तापतच राहील. कोणी दारं-खिडक्या लावून झोपलं, जवळ पडदा असला, पांघरूण असलं..."

बाईंचं मशीन थांबलं. "नेला कोणी?"

"तेच तर तुम्हाला विचारतोय."

"मला कसं ठाऊक? मी भिंतीकडे तोंड करून बसलेली. तुमचाच नियम."

नियम खरंच त्याचा होता. वसाहतीच्या जुन्या सायकलखोलीत हा उद्योग सुरू झाला तेव्हा उत्साह दांडगा होता. घरात धूळ खात पडलेलं, कचऱ्याच्या वाटेला लागलेलं जे असेल ते इथं आणून द्यायचं. कपडे बाई दुरुस्त करणार, विजेच्या वस्तू वायरमन. आणि ज्याला जे हवं ते त्याने घेऊन जायचं. द्यायला लोक रांग लावून आले. न्यायला कोणी फिरकेना. एकदा एका आईने धीर करून लेकीसाठी लाल कोट नेला, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत एक पोरगी भर वर्गात ओरडली, "ए, हा माझा कोट आहे!" ती मुलगी त्या अख्ख्या थंडीत पुन्हा कोट घातलेली दिसली नाही.

त्यानंतर वायरमनने सेक्रेटरीच्या मागे लागून खोलीला मागून एक दार पाडून घेतलं. देणाऱ्याने पुढून यायचं, नेणाऱ्याने मागच्या बोळातून. मागच्या दाराशी पावलं वाजली की आतल्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. माणूस जाईपर्यंत वळायचं नाही, नाव विचारायचं नाही, आणि लिहून ठेवण्याची तर बातच सोडा. बाई प्रत्येक कपड्याची बटणं बदलायच्या, तो हीटरची आणि पंख्यांची बदलायचा. मूळ मालकाने शेजारी बसून पाहिलं तरी वस्तू ओळखू येऊ नये. मग मात्र फळ्या भराभर रिकाम्या होऊ लागल्या. वसाहतीचा कचरा निम्म्यावर आला म्हणून सेक्रेटरी जिथे तिथे मिरवायचा. वायरमनला त्या कचऱ्याचं एवढं कौतुक नव्हतं. पाठीमागे दबकी पावलं आली, फळीवरून काहीतरी अलगद उचललं गेलं, की त्याला बरं वाटायचं. आज तेच त्याच्या गळ्याशी आलं होतं.

सेक्रेटरीने वसाहतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पांढरा हीटर, काळं बटण, धोक्याचा आहे, लावू नका, ताबडतोब कळवा. उत्तरादाखल कोणी अंगठा दाखवला, कोणी हात जोडले, एकाने उद्या पाणी कधी येणार ते विचारून घेतलं. माझ्याकडे आहे, असं मात्र कोणी म्हणेना.

"लाज वाटते हो लोकांना," बाई म्हणाल्या.

"जिवापेक्षा जास्त?"

"मग? तुम्हाला काय आज कळतंय होय?"

तो दारोदार निघाला. सेक्रेटरी सोबत होता, पण त्याचा अर्धा जीव घड्याळात. पहिल्याच दारात एका गृहस्थांनी नाक मुरडलं. "आमच्याकडे? अहो, आम्ही देणाऱ्यांतले. परवा पंखा दिला तो विसरलात वाटतं?" दुसऱ्याने कानांवर हात ठेवले. तिसऱ्या घरात म्हातारी एकटी होती. तिला वाटलं हे हीटर वाटायला आलेत, आणि नाही म्हटल्यावर तिने दोघांचाही उद्धार केला.

जिन्याखालच्या खोलीत ड्रायव्हरची बायको राहायची. तिने दार बोटभर उघडलं. त्या फटीतून ऊब आली, थेट तोंडावर.

"ताई, हीटर लावलाय ना आत?"

"नाही."

"मी आत बघत नाही. बटण काळं आहे का, एवढंच सांगा. तुमच्या पोरांसाठी विचारतोय."

"सांगितलं ना, नाही. दार लावू द्या हो भाऊ, गार येतंय."

दार लागलं. सेक्रेटरी पुढच्या दाराकडे वळला, पण वायरमनचा पाय निघेना. तो तिथेच उभा राहिला, फटीशी नाक नेऊन, जळकट वास येतोय का ते बघत. कोणी पाहिलं असतं तर चोर समजून बडवलं असतं. मग आतून, अगदी दाराला लागून, दबका आवाज आला. "पांढरं आहे बटण."

त्याला वाटलं, तिच्या पाया पडावं. पण म्हणजे हा तो नव्हताच. तो अजून कुठेतरी तापत होता.

दोनच दारं त्याने वाजवली नाहीत. एक सेक्रेटरीचं, आणि एक वरच्या मजल्यावरचं, स्वतःच्या मुलाचं. मुलाकडे सगळं नवंकोरं, खोक्यातून काढलेलं. "अख्ख्या वसाहतीची अडगळ उरावर घेऊन बसता, ऑफिसातले लोक विचारतात, तुझे वडील भंगार गोळा करतात का," असं तो एकदा बोलून गेला होता आणि तेव्हापासून बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं होतं. नातू झाला तेव्हा वायरमनने खटपट करून एक जुना पाळणा ठीकठाक केला, वर पोहोचवला. सुनेने कौतुकाने ठेवून घेतला, मुलाने आठवड्याभरात नवा आणला. तिथे कशाला विचारायचं?

शेवटचं दार बंद झालं तेव्हा दिवस मावळत होता. खिडक्या एकेक करून लागत होत्या, पडदे ओढले जात होते. वायरमनला प्रत्येक पडद्याच्या खाली लाल तापलेली कॉइल दिसत होती.

"आता सकाळी बघू," सेक्रेटरी म्हणाला. "एवढं काही होत नाही हो. तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय."

"सकाळी काय बघणार? राख?"

मीटरच्या खोलीची किल्ली कित्येक वर्षं वायरमनकडेच असायची. तो आत गेला आणि एकापाठोपाठ एक सगळे फ्यूज ओढून काढले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं श्वासाचं मशीन चालतं, तेवढा एक ठेवला. बाकीचे पिशवीत भरले, पिशवी छातीशी धरली आणि बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. वसाहत काळीठिक्कर पडली.

मग ज्या दारांनी दिवसभर तोंड उघडलं नव्हतं ती सगळी धाडधाड उघडली. अंगणात ही गर्दी जमली.

"डोकं फिरलंय का म्हाताऱ्याचं?"

"विजेच्या शेगडीवर अर्धं शिजलंय माझं!"

"पोरीची परीक्षा आहे उद्या!"

"तो हीटर मागच्या दाराशी आणून ठेवा," वायरमन ओरडला. "काळ्या बटणाचा. मी दुरुस्त केलेला आहे, चूक माझी आहे. त्याने घर पेटेल. मी पाठ करून उभा राहीन, कोणी बघणार नाही. हीटर आला की लाइट येतील. नाही आला तर सगळे अंधारात. मारायचं तर मारा, पण फ्यूज देणार नाही."

एकाने ते शब्दशः घेतलं. पुढे येऊन त्याने वायरमनची गचांडी धरली आणि पिशवीला हात घातला. शिंपीणबाई मध्ये घुसल्या.

"लावा हात! लावून बघा! अंगात घातलाय तो स्वेटर कुठून आला, बोलू का मी चारचौघांत? माझा टाका मला ओळखू येतो!"

त्या माणसाचा हात गळून पडला.

"बाई," वायरमन धापा टाकत म्हणाला, "नाही. हे बोलायचं नाही. काही झालं तरी हे बोलायचं नाही." मग त्या माणसाकडे वळून, "त्या चिडल्यात हो. मनावर घेऊ नका."

तो सायकलखोलीत गेला, मागचं दार सताड उघडलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बोळातून गार वारा येत होता. बाहेर लोकांची बडबड चालू होती, कोणीतरी वीज कंपनीला फोन लावत होतं. कोणी येईना. आपण काय करून बसलो, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. लोक आपले पांघरूण ओढून बसतील, लाइट येतील तेव्हा तो हीटरही आपोआप चालू होईल, आणि आपल्याला कधी कळणारसुद्धा नाही. कोणाची करुणा भाकायची ते त्याला सुचेना, म्हणून तो भिंतीलाच म्हणाला, "आणा हो. आणा कोणीतरी."

मग पावलं वाजली. दाराशी थांबली. पत्रा फरशीवर टेकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ जळक्या कापडाचा वास.

वायरमनचा जीव भांड्यात पडला. "फार उपकार झाले," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "जा आता, मी वळत नाही. फळीवर दुसरा आहे, तो घेऊन जा."

पावलं हलली नाहीत.

"बाबा, वळू नका."

वायरमनने भिंतीला हात टेकले.

"तू?"

"वळू नका म्हटलं ना."

"नाही वळत."

"लावलेला होता," मुलगा म्हणाला. "बाळ समोरच झोपलेलं. वर दांडीवर त्याची दुपटी वाळत घातलेली. मघापासून वास येत होता, आम्हाला वाटलं, पहिल्यांदा लावलाय म्हणून येत असेल. मग लाइट गेले. मेणबत्ती घेऊन बघतो तर एक दुपटं खाली हीटरवर पडलेलं. काळं झालेलं. नुसतं धुमसत होतं."

"बाळ?"

"बरं आहे. उठलंसुद्धा नाही."

"मेसेज टाकला होता रे. ग्रुपवर."

"ग्रुप सोडला मी. नोकरी गेली तेव्हाच. सगळे विचारत बसतात."

रोज सकाळी हा बॅग घेऊन फाटकातून बाहेर पडताना वायरमनला दिसायचा. कालसुद्धा दिसला होता. कधी गेली, कुठे जाऊन बसतोस दिवसभर, मला का नाही सांगितलंस, असं सगळं त्याच्या जिभेवर आलं. पण मागच्या दाराशी आलेल्याला काही विचारायचं नसतं. त्याने ते गिळलं.

"फळीवरचा ने," तो म्हणाला. "बाळाला गार लागेल. तो नीट आहे."

"कोणी बघितलाय?"

"मीच."

मुलगा रागाने बोलत नव्हता. औषधाबद्दल विचारावं तसं त्याने सावकाश विचारलं, "नक्की बघितलाय ना, बाबा?"

हो म्हणायला वायरमनने तोंड उघडलं. फळीवरचा, करड्या रंगाचा. आणला कोणी ते आठवत होतं. उघडला होता, वायर बदलली होती. पण चकती? त्याने डोळे घट्ट मिटले. टेबल आठवलं, पाना आठवला, बाईंची हाक आठवली. त्यापुढे काहीच नव्हतं.

"आठवत नाही रे," तो म्हणाला. हे शब्द पहिल्यांदाच त्याच्या तोंडून बाहेर पडले होते. "मला हल्ली आठवत नाही."

मागे मुलाचा श्वास ऐकू येत होता.

"फ्यूज लावा," मुलगा म्हणाला. "वरती फार गार पडलंय." आणि पावलं बोळातून निघून गेली, फळीकडे न येता.

वायरमन तसाच उभा राहिला. पावलं केव्हाच विरली होती, तरी तो वळला नाही. बाई बॅटरी घेऊन आल्या. त्यांनी दाराशी पडलेला हीटर पाहिला, जाळीला चिकटलेलं काळं कापड पाहिलं आणि कोण होतं ते विचारलं नाही.

"गेलं का माणूस?" एवढंच त्या म्हणाल्या. "मग वळा की आता."

त्याने बाहीने तोंड पुसलं, पिशवी उचलली. "बाई, जरा मीटरच्या खोलीत चला माझ्याबरोबर. मी एकेक फ्यूज लावतो. तुम्ही बॅटरी धरा आणि नीट बसला का ते बघा. मी बघितलाय म्हटलं तरी बघा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"दाखवतो मी. कळेल."

बाहेरचे लोक वाट देत बाजूला झाले. मीटरच्या खोलीत बाईंनी बॅटरी धरली. त्याने पहिला फ्यूज बसवला आणि तो थांबला. बाईंनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"बसला," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे त्याने पुढचा पिशवीतून काढला. बाहेर एकेका घरात उजेड होत गेला, पोरं ओरडली, माणसं आपापल्या दारांत शिरली. बाई "बसला" म्हणेपर्यंत वायरमन पुढच्याला हात लावत नव्हता.