चुका गिळणारी ओळ

देवणीच्या गुरांच्या बाजारात लसीकरणाचं शिबिर होतं, पण माणसं गाई सोडून कॉम्प्युटरभोवती गोळा झाली होती. लसीची यादी ठेवणारा आपला प्रोग्राम दाखवताना कॉम्प्युटर क्लासवाले महादेवप्पा सर रंगात आले होते.

"ही ओळ काढली, की बघा." बीप! पडद्यावर चूक दाखवणारी चौकट. "आता घातली." चौकट गायब, सगळं गप्प.

मंडळींनी चक्क हात जोडले. 'चूक आली तरी पुढं चल' असं यंत्राला सांगणारी ही ओळ वीस वर्षांपूर्वी एका हौशी कॉम्प्युटर मासिकात छापून आली होती. सरांनी ते पान लॅमिनेट करून मॉनिटरला चिकटवलं होतं. गेल्या दसऱ्याचं हळदकुंकू अजून त्यावर होतं.

"माझ्या प्रोग्रामला आयुष्यात एरर आली न्हाई. सिद्ध पान हाय हे."

बुद्धप्रिया ते पान चांगलं ओळखून होती. आता ती लातूरला तंत्रनिकेतनात शिकवायची, पण शिकली ती सरांच्याच क्लासात. दोन वर्षं तिनंही ही ओळ भक्तिभावानं प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर ठेवली होती. आठवलं की तिला लाज वाटायची.

आज ती शेजारच्या सिद्धम्मासोबत आली होती. पलीकडच्या गावात लाळ्या-खुरकुताची साथ शिरली होती, शिबिराचा शेवटचा दिवस होता, आणि डॉक्टर सिद्धम्माच्या कबरी गाईला सुई द्यायला तयार नव्हते.

"यादीत लस दिल्याची तारीख आहे, मावशी. परत कशी देऊ?"

"अवो, गाभण होती ती. यादी लिवणाऱ्याला म्या सांगितलं, पोळ्यानंतर टोचू. पोळा होऊन गेला, कुणी टोचलंच न्हाई."

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतोय व्हय?" सर म्हणाले, तशी गर्दी खो खो हसली. सिद्धम्मानं गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचे डोळे भरले.

बुद्धप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, यादीत एक जनावर वाढवू?"

"दहा वाढव की."

तिनं भरलं. नाव: महादेवप्पा. प्रकार: बैल. लसीची तारीख: उद्या-परवा बघू. बटण दाबलं. ना बीप, ना चौकट. पडद्यावर उमटलं: महादेवप्पा, बैल, लस दिली, बारा जून.

"सर, कानातला बिल्ला कुठं हाय?" मागून कुणीतरी विचारलं. लोक पोट धरून हसायला लागले. डॉक्टरही हसले.

"रागावू नका, सर," बुद्धप्रिया म्हणाली. "बारा जून ही वरच्या रांगेतल्या म्हशीची तारीख. 'उद्या-परवा' ही तारीख यंत्राला कळेना. ते ओरडणार, तेवढ्यात या ओळीनं त्याचं तोंड दाबलं. मग आधीची तारीख होती तीच त्यानं खाली चिकटवली. मावशींच्या 'पोळ्यानंतर'चं हेच झालं."

तिनं ओळ काढून सगळ्या मूळ नोंदी पुन्हा चालवल्या. बीप. 'पेरणी झाल्यावर.' बीप. 'मामा आल्यावर.' प्रत्येक बीपला थांबून ती त्या जनावराची नोंद वाचत गेली. एक्केचाळीस निघाली, सगळी बिनलसीची. हसणं कधीच थांबलं होतं.

पहिली सुई कबरीला मिळाली. ती एवढ्या मोठ्यानं हंबरली, की सर दचकून तिचं तोंड धरायला धावले.

"वरडू द्या की, सर," सिद्धम्मा डोळे पुसत हसली. "दुखलं तर वरडंल न्हाई तर काय?"

सरांनी मॉनिटरवरचं पान सोलून काढलं. बाबांनो, आपलं कधी चुकतच नाही असं सांगणारा भेटला, तर हात जोडू नका. चुका कुठं दडवल्या, ते आधी विचारा.