दारातून पहिला येईल तो

आमच्या मंडळीत पंच, म्हणजे कारभारी, निवडायचा होता आणि उमेदवार दोन होते. मुळात तिथंच चुकलं. एकच असता तर देवाला मध्ये घ्यावं लागलं नसतं.

मंडळी म्हणजे आमच्या गावातली ख्रिस्ती माणसं, चाळीसेक डोकी. गाव किनवटच्या पुढं, जंगलाला खेटून. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, एक दार आणि गज लावलेल्या दोन खिडक्या. पहिले उमेदवार लक्ष्मणराव, रेल्वेतून रिटायर झालेले. अजूनही कुणी उशिरा आलं की ते आधी त्याच्याकडं आणि मग घड्याळाकडं बघतात. दुसरे अण्णाराव ट्रॅक्टरवाले. देवानं आपल्यालाच निवडलंय हे दोघांनाही स्वप्नात कळलं होतं, तेही एकाच रात्री. त्या रात्री देवाची लई धावपळ झाली असणार.

पाळक गुरुलिंग कित्येक रविवार समजावून थकले. "बाबांनो, निवडलेले म्हणजे लाडके न्हाईत. आपल्यात काही खास हाय म्हणून देवानं आपल्याला निवडलं न्हाई. दुसऱ्याच्या कामी यावं म्हणून निवडलं."

अण्णारावांनी मान डोलावली आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "ऐकलं का? निवडलं म्हणले."

शेवटी पाळकांनी देवाकडं खूण मागायचं ठरवलं. "येत्या रविवारी मी प्रार्थना करीन. सगळ्यांनी डोळे मिटायचे. प्रार्थना चालू असताना दारातून जो पहिला आत येईल, तो प्रभूनं निवडला. आमेन झाल्यावर वाद न्हाई."

"पण बघणार कोण?" लक्ष्मणराव म्हणाले. "डोळे तर मिटलेले."

पाळकांनी माझ्याकडं बोट केलं. "बबलू बघंल. तो तसाही मिटत न्हाई."

अशा रीतीनं सबंध मंडळीत अधिकृतपणे डोळे उघडे ठेवणारा मी एकटा झालो. आयुष्यात मिळालेलं ते माझं पहिलं पद.

एप्रिल होता. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून उपासना पहाटेच ठेवली होती. धोंडाआत्या नेहमीप्रमाणं दाराशी बसली होती. ही माझी आत्या, तिनंच मला वाढवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं माणूस ती आवाजानं नाहीतर वासानं ओळखते. मांडीवर मोहाच्या फुलांच्या लाडवांचं गाठोडं होतं, उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनासाठी. तिच्या पाठीमागं, भिंतीशी, सिद्धम्माचं तान्हं लेकरू गोधडीवर निजलं होतं. सिद्धम्मा पुढं ढोलकी घेऊन तयार. आमेन झाला की चाळीस जण ओरडणार आणि ढोलकीवर थाप पडणार, असा आमचा रिवाज आहे.

पाळकांनी सुरुवात केली. सगळ्यांचे डोळे मिटले. लक्ष्मणराव उठले, "हात धुऊन येतो" म्हणाले आणि बाहेर गेले. लगेच अण्णाराव उठले. त्यांना ट्रॅक्टरचं चाक बघायचं होतं.

मग मला खिडकीतून दोघं पायरीवर दिसले. दोघांचा एकेक पाय उंबऱ्याकडं, आणि दोघांनी एकमेकांच्या शर्टाची कॉलर धरलेली.

"वयानं मी मोठा हाव," लक्ष्मणराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मग तुमाला देव लवकरच भेटणार हाय. मला जाऊ द्या."

असं चाललं असताना दोघंही एकदम गप्प झाले. दोघांनी एकाच दिशेला बघितलं. कॉलरी सुटल्या. त्या वयात माणूस इतका पळू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. अंगणातल्या आंब्याखाली चपलांचे दोन जोड राहिले आणि वर फांद्यांतून चार पाय लोंबायला लागले.

आणि दारातून पहिलं आत आलं ते अस्वल.

मोठं होतं. काळं, केसाळ, छातीवर पांढरा पट्टा, अंगाला पालापाचोळा चिकटलेला. ते उंबऱ्यात थांबलं, नाक वर केलं आणि सरळ आत्याच्या मांडीकडं वळलं. मोहासाठी अस्वल काय काय करतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गावात दोन माणसांचे चेहरे त्याची साक्ष द्यायला आहेत.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडलो तर चाळीस माणसं त्या एकाच दाराकडं धावणार, आणि दारात अस्वल. अस्वलाच्या नाकापुढं आत्या. तोंड बंद ठेवलं तरी आमेन येणारच होता, आणि आमेननंतर ढोलकी. बिथरलेलं अस्वल आधी जवळच्याला फाडतं.

आमच्या पाळकांची प्रार्थना पॅसेंजर गाडीसारखी आहे. स्टेशनं ठरलेली. आधी आजारी, मग विद्यार्थी, मग शेतकरी, मग सरकार, शेवटी किनवटची रेल्वे वेळेवर यावी. रेल्वेनंतर आमेन. एरवी आम्ही रेल्वेची चातकासारखी वाट बघतो. पाळक तहसीलदारापर्यंत पोचले होते.

"पाळकसाहेब," मी शक्य तितक्या भक्तिभावानं म्हणालो, "रुक्मिणबाईचा गुडघा राहिला."

पाळकांना आनंद झाला. आजवर त्यांच्या प्रार्थनेत कुणी भर घातली नव्हती. "होय प्रभू, रुक्मिणबाईचा गुडघा..."

"दोन्ही," रुक्मिणबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

अस्वलानं आत्याच्या मांडीत तोंड घातलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडावी तसा आवाज यायला लागला. आत्यानं हात पुढं केला आणि चक्क त्याच्या मानेवर ठेवला.

"बस रे अण्णाराव," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात घोंगडी कशाला आणलीस?"



"आणि उमरीच्या उज्वलाताईची परीक्षा!" मी म्हणालो. "आणि देगलूरची मंडळी! आणि त्यांचा बोअर!"

"बबलू सुधरला वाटतं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

पाळक देगलूरला गेले. बोअरला पाणी लावून परत निघाले. आणखी फार तर एक स्टेशन मिळालं असतं. मी खोलीभर नजर फिरवली. उठणार कोण? तगडी माणसं होती, नेकीची होती, रोज उपास करणारी होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. डोळे उघडे असलेले दोघंच, मी आणि अस्वल. निवडीला फार वाव नव्हता.

"प्रभू," पाळकांचा आवाज चढला, "ज्याला तू निवडलंस, त्याला आता उभं कर!"

मी त्या वेळी सतरंजीवरून रांगत होतो. म्हणजे आज्ञा तंतोतंत पाळली असं म्हणता येणार नाही.

जवळ गेलो तसा वास आला. ओलं पोतं, मध आणि काहीतरी मेलेलं. अस्वलानं डोकं उचललं. त्याचे डोळे बारीक होते आणि त्यांत माझ्याबद्दल काहीच मत नव्हतं. मी आत्याच्या मागून हात घालायला गेलो.

"मागं नको," आत्या ओठ न हलवता म्हणाली. "इकडून घे. हळू."

मी बाजूनं गाठोडं ओढलं. तिनं सोडलं. अस्वलाचं तोंड गाठोड्यामागं वळलं. मी उलट्या पावली उंबरा ओलांडला, एक लाडू काढून पायरीवर टाकला. ते बाहेर आलं. दुसरा अंगणात टाकला. नाल्याच्या काठाशी पोचलो तेव्हा गाठोडं फेकलं का हातातून उडालं ते आजही सांगता येत नाही. ते नाल्यात पडलं आणि अस्वल त्याच्यामागं उतरलं. माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

आंब्यावरून लक्ष्मणरावांचा आवाज आला. "गेलं का?"

"हाव."

"मग थांब तू. आधी आम्ही आत जातो."

पण खालच्या फांदीवर अण्णाराव होते आणि ते लक्ष्मणरावांचे पाय सोडायला तयार नव्हते. मी थांबलो नाही. आत आत्या होती. मी दारात पाय ठेवायला आणि आमेन व्हायला एकच गाठ पडली. ढोलकी वाजली, चाळीस जोडी डोळे उघडले, आणि दारातून आत येताना दिसलो तो मी. घामानं निथळलेला, हात मोहानं चिकट झालेले.



"मी न्हाई," मी म्हणालो. "पहिलं अस्वल आलं."

"टाळून राहिलंय पोरगं," रुक्मिणबाई म्हणाल्या.

पाळक माझ्याकडं मोठ्या मायेनं बघत होते. "निवडलेला माणूस आधी कारणच सांगतो. पवित्र शास्त्रात देवानं बोलावल्यावर एकजण म्हणाला, माझी जीभ जड हाय. एकजण म्हणाला, मी लहान हाय. अस्वल आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

तेवढ्यात दोघं उमेदवार आत आले. कोपरं सोललेली, अण्णारावांच्या शर्टाला बाही एकच.

"विचारा यांना!" मी ओरडलो. "यांनी बघितलं!"

"अस्वल आलं होतं का?" पाळकांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न, तुम्ही कुठं होता, हा होता. मंडळीच्या इतिहासात त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"न्हाई बुवा," लक्ष्मणराव म्हणाले.

"कुठलं अस्वल?" अण्णाराव म्हणाले.

अशा रीतीनं मी पंच झालो. चर्चची किल्ली, झाडू आणि दफनभूमीच्या फाटकाचं कुलूप माझ्याकडं आलं. लाडू कुठं गेले असंही विचारलं गेलं.

सगळे गेल्यावर आत्याच्या पदरावरची अस्वलाची लाळ धुवायला मी पाणी आणलं. तिच्या मुठीत काळे राठ केस होते.

"आत्या, ते अण्णाराव नव्हते."

"मला काय सांगतोस? अण्णाराव कवा एवढा गप बसलाय का?"

माझा तांब्या हातातच राहिला. "तुला माहीत होतं?"

"वास येत न्हाई का मला?"

"मग घोंगडीचं काय बोललीस?"

"त्याला कळू दिलं न्हाई, मला कळलंय म्हणून."

"गाठोडं टाकून सरकायचं की बाजूला! तुझं तोंड फाडलं असतं त्यानं."

"सरकले असते तर त्याला मागचं दिसलं असतं." तिनं पदर पिळला. "लेकरू दुधाच्या वासाचं. मी लाडू घट्ट धरून बसले. म्हणलं, पाळकाची प्रार्थना लांबव देवा, एवढी तरी ऐक."

"मग पंच तू व्हायला पाहिजेस," मी म्हणालो. "मी जाऊन सांगतो."

"काय करू त्या किल्लीचं? मला कुलूप दिसत न्हाई." ती उठली आणि माझ्या खांद्याला धरून पायरी उतरली. "झाडू नीट मार. अण्णाराव चिखलाचे पाय घेऊन येतो."

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो, झाडलं, सतरंजी घातली आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. आत्या आधीच बसली होती. मागं गोधडीवर सिद्धम्माचं लेकरू.

"सरक," मी म्हणालो. "आजपासून इथं मी."

तिनं सरकून जागा केली, पण अर्धीच. लेकराच्या बाजूची अर्धी स्वतःकडं ठेवली.