सोळा हातांची भिंत

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घेऊन कोणता कपडा शिवतात, हे वीस वर्षं शिवणकाम करूनही धाकटीला सांगता आलं नसतं. म्हणून दाराच्या फटीतून ते दृश्य दिसताच तिची सुई थांबली. मोजणीदार सासूबाईंच्या हातावर टेप लावत होता आणि थोरले भाऊजी त्यांची बाही वर धरून उभे होते.

"काय आई, नवं पोलकं शिवताय?" तिने नंतर सहज विचारलं.

"म्हातारीला कसलं पोलकं," म्हणत सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पाणी कुठेतरी मुरत होतं.

१ हात = २ विती = २४ अंगुळे

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांच्या वाटणीपत्रात रस्त्याकडच्या भिंतीचे दोन वाटे होते: थोरल्याचे सोळा हात, धाकट्याचे सोळा हात. आता कचेरीत फुटांत नोंद करायची होती. "हातांचे फूट करायचे, सही करायची, झालं," भाऊजी म्हणाले होते. भाऊजींचं 'झालं' तिला ठाऊक होतं. नवऱ्याची सायकलही अशीच 'झाली' होती.

दोन वाटे भेटतात तिथे, तिच्या बाजूला, रस्त्यावर उघडणारं दार होतं. गिऱ्हाईक त्या दाराने येई. ते दार गेलं की बाहेर पडायचं ते जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातून, दर वेळी विचारून.

१६ हात = २४ फूट
१६ हात = २० फूट

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराच्या कागदावर या दोन ओळी होत्या. तिने त्या दोनदा वाचल्या.

"हे काय गौडबंगाल?"

"गौडबंगाल कसलं, ताई. वरचे पुरुषाचे हात, खालचे बाईचे. वाटा आता तुमच्या नावावर येणार ना? बाईचा वाटा घरातल्या थोरल्या बाईच्या हाताने मोजायचा, ही इथली रीत. सासूबाईंचा हात पंधरा इंच भरला."

"आईंचा हात संधिवाताने वाकलाय."

"हात तो हात."

भाऊजींनी पेन पुढे केलं. "धाकटे, एकट्या बाईला जागा लागते किती? उगाच फाटे फोडू नकोस."

तिने पेन घेतलं नाही. गळ्यातली टेप काढली, खडू घेतला आणि भिंतीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. टेप पाच फुटांची. नऊ खुणा झाल्या, वर तीन फूट उरले.

३२ हात = ४८ फूट

"म्हणजे प्रत्येक हात अठरा इंचांचा," ती म्हणाली. "मामंजींनी दोन्ही मुलांना एकाच हाताने मापलं. तुमच्या कागदात चार फूट उरतात. त्यात काय येतं, मोजणीदार?"

मोजणीदाराने दाराकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"उरलं ते घराचं," भाऊजी म्हणाले.

"घराचं म्हणजे तुमचं. हे होते तोवर हात अठरा इंचांचा होता, भाऊजी. माणूस गेलं की भिंत आखडते का? मी सही करणार नाही."

"रीत आहे ती."

"मग रीतीलाच सही करू दे."

"आई, तू तरी सांग हिला."

सासूबाई उंबऱ्यात आल्या होत्या. "काय सांगू? तुला न्हाऊमाखू घालताना हा हात कधी अपुरा पडला नव्हता," म्हणून त्यांनी बाही खाली ओढली.

दोघांच्या सह्यांशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. मोजणीदाराने त्याची घडी घातली.

४ हात = ?

दुपारी सासूबाई शिवणयंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुझे मामंजी गेल्यावर थोरल्याने मला मागची खोली काढून दिली. चार हात लांबीची. तेव्हाही मापाला माझाच हात धरला होता. खाट मावत नाही. नऊ वर्षं भिंतीला पाय टेकवून, गुडघे मुडपून झोपते. मला वाटायचं, मीच जरा जास्त लांब आहे."

धाकटीने यंत्र थांबवलं. मागच्या खोलीत जाऊन टेपचं एक टोक तिने त्यांच्या वाकलेल्या बोटांत दिलं.

"घट्ट धरा, आई."